चेंडू हवेत कुठे रेंगाळतो

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर ग्राफिक्स नावाचा विषय होता आणि त्याच्या जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल ठरलेलं होतं: उसळणारा चेंडू. टर्बो सीचा निळा पडदा, वर 'ग्राफिक्स डॉट एच'. एक वर्तुळ काढायचं, ५० मिलिसेकंद थांबायचं, पडदा पुसायचा, वर्तुळ ५ पिक्सेल खाली काढायचं. तळ लागला की अधिकच्या जागी उणे. झाला चेंडू. सीनिअरच्या जर्नलमधून आमच्या जर्नलमध्ये आणि आमच्याकडून ज्युनिअरच्या, असा तो पिढ्यान्‌पिढ्या उसळत होता.

ओरलला एक्स्टर्नलनी चष्म्यावरून पडद्याकडे बघत विचारलं, "हा चेंडू आहे की लिफ्ट?" मी हसले. त्यांनी सही केली, मार्क मिळाले, विषय संपला.

तो पुन्हा उपटला नोकरीला लागून तीनेक वर्षं झाल्यावर. एका ॲपमध्ये खालून वर येणारं एक कार्ड मी बसवलं होतं. शेजारच्या डिझायनरने दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे येत नाहीये. कुणीतरी याला ढकलतंय." कोडमध्ये चूक नव्हती. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, वेळ बरोबर. चूक मधे होती. या 'मधे'चा माग काढत गेले, तर हाताला एक बराच लांब इतिहास लागला. त्यात अणुशास्त्रज्ञ आहेत, गलेलठ्ठ होत जाणारा एक माणूस आहे, टेबलावरचा दिवा आहे आणि फाळक्यांच्या आगकाड्याही आहेत.

सुरुवातीलाच मान खाली घालायला लावणारी गोष्ट अशी, की माझ्या चेंडूपेक्षा चांगला चेंडू १९५० च्या आसपासच्या संगणकाला येत होता. अमेरिकेत एमआयटीमध्ये 'व्हर्लविंड' नावाचं यंत्र होतं. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी नौदलाने त्याची कल्पना काढली होती. त्याला ऑसिलोस्कोपचा पडदा जोडलेला होता आणि पाहुण्यांना दाखवायला तिथल्या लोकांनी एक कार्यक्रम लिहिला: पडद्यावर एक ठिपका, तो खाली पडतो, उसळतो, प्रत्येक वेळी थोडा कमी उसळतो. मग कुणीतरी जमिनीला भोक ठेवलं आणि चेंडू नेमका त्या भोकात पडेल असे आकडे शोधायचा खेळ सुरू झाला.

१९५८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रूकहेवन या अणुसंशोधन प्रयोगशाळेत पाहुण्यांचा दिवस होता. विल्यम हिगिनबॉथम हे तिथले भौतिकशास्त्रज्ञ, पूर्वी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले. पाहुणे कंटाळू नयेत म्हणून त्यांनी एक ॲनालॉग संगणक आणि पाच इंची ऑसिलोस्कोप जोडून टेनिस तयार केलं. मैदान बाजूने दिसणारं, मधे जाळी म्हणून उभी रेघ आणि गुरुत्वाकर्षणाने खाली वळणारा चेंडू. लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. कल्पना त्यांना संगणकाच्या माहितीपुस्तकावरूनच सुचली होती. गोळी, क्षेपणास्त्र आणि उसळता चेंडू यांचे मार्ग कसे काढायचे ते त्यात दिलेलं होतं. त्या काळातल्या यंत्रांना चेंडू का येत होता, याचं उत्तर या यादीतच आहे. चेंडूचं आणि तोफगोळ्याचं गणित एकच असतं.

पुढे १९६३ मध्ये बेल लॅब्जच्या एडवर्ड झायॅक यांनी तर संगणकाकडून अख्खी फिल्म काढून घेतली. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह आपली एक बाजू सतत पृथ्वीकडे कशी ठेवेल हे त्यांना तपासायचं होतं. आकड्यांच्या चळती वाचण्याऐवजी त्यांनी यंत्राला प्रत्येक क्षणाचं चित्र थेट मायक्रोफिल्मवर काढायला लावलं. पडद्यावर एक चौकोनी खोका डुलत डुलत स्थिरावतो. मी ती फिल्म पाहिली तेव्हा पहिल्यांदा भारावले आणि तिसऱ्या मिनिटाला चहा करायला उठले. खोक्याची हालचाल अचूक आहे, पण त्याला कुठेही जायचं नाहीये.

थोडक्यात, संगणकाला वस्तू हलवायला शिकवलं ते भौतिकशास्त्राने. नियम द्या, पुढचा क्षण तो काढेल. त्यात सगळेच क्षण सारखे. अमुक एक महत्त्वाचा आणि बाकीचे त्याच्यासाठी, असं काही नाही.

कागदावर वस्तू हलवणाऱ्यांचा रस्ता नेमका उलटा होता.

इथे आधी आपल्याकडचे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायचे होते, तेव्हा त्यांनी वाटाण्याचं रोप उगवतानाची फिल्म करून दाखवली. रोज थोडं थोडं चित्रीकरण, आणि पडद्यावर महिनाभराची वाढ क्षणभरात. त्यानंतर १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचं, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा चित्र. फ्रान्सच्या एमिल कोलने १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ केला होता. फाळक्यांची ती फिल्म आज बघायला मिळत नाही, पण काडी सरकवणाऱ्या माणसापुढचा प्रश्न मी कल्पू शकते: किती सरकवायची? सारखीच सरकवली तर लिफ्ट. सुरुवातीला केसभर, मग बोटभर, मग पुन्हा केसभर सरकवली तर काडी निघते, धावते, थांबते. दोन्ही वेळा काडी तीच आणि अंतरही तेच.

डिस्नीच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात या 'किती'चं शास्त्र झालं. नव्या मुलांना सरावाला चेंडू असे. नंतर अर्धवट भरलेलं पिठाचं पोतं असे. त्याला तोंड नाही, हात नाहीत, तरी ते खुशीत आहे की रुसलंय हे दिसलं पाहिजे. पुढे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्याच दोघा जुन्या चित्रकारांनी १९८१ च्या आपल्या जाडजूड पुस्तकात यातून निघालेली बारा तत्त्वं मांडली. बारा इथे सांगत बसत नाही, कुठेही सापडतील. मला त्या पुस्तकाच्या विषयापेक्षा एक लहानशी खूण जास्त भावते.

मुख्य ॲनिमेटर सगळी चित्रं काढत नसे. तो टोकाची काढायचा: चेंडू सर्वांत वर, चेंडू जमिनीवर. मधली चित्रं काढायला कमी पगाराचा मदतनीस असे. त्याच्यासाठी मुख्य ॲनिमेटर कागदाच्या कडेला एक छोटी शिडी काढून ठेवी. उभी रेघ, तिच्यावर आडव्या पायऱ्या. पायऱ्या वरच्या टोकाशी दाट असतील तर मधली चित्रं वरच्या चित्राला चिकटून काढायची, म्हणजे वस्तू तिथून हळू निघेल. साधारण रीत अर्ध्याअर्ध्याची: दोन टोकांच्या मधोमध एक, मग ते आणि वरचं टोक यांच्या मधोमध एक, मग पुन्हा अर्धं.

मला गंमत वाटली म्हणून हिशोब केला. समजा चेंडू पाच टप्प्यांत १६ सेंटिमीटर पडतोय. निसर्गाच्या नियमाने तो वरून अनुक्रमे ०.६४, २.५६, ५.७६, १०.२४ आणि १६ सेंटिमीटरवर असेल. अर्ध्याअर्ध्याच्या शिडीने तो १, २, ४, ८ आणि १६ वर असेल. चौथ्या टप्प्याला निसर्गाचा चेंडू दहाच्या पुढे गेलेला असतो, शिडीचा मात्र अजून अर्ध्यावरच घोटाळतोय, आणि उरलेला निम्मा प्रवास तो शेवटच्या एका टप्प्यात करतो. म्हणजे शिडी खोटं बोलते. ती चेंडूला वर जरा जास्त रेंगाळू देते आणि खाली जरा जास्त जोरात आपटते. डोळ्यांना मात्र चेंडू याचाच खरा वाटतो, कारण यात 'आता पडणार, पडणार' आहे.

ही शिडी मुंबईलाही आली. क्लेअर वीक्स हे मिशनरी आईबापांच्या पोटी भारतात जन्मलेले, डिस्नीकडे 'स्नो व्हाइट' आणि 'बँबी'वर काम केलेले ॲनिमेटर. १९५६ मध्ये ते फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागात शिकवायला आले. राम मोहन यांच्यासारखे लोक त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' ही जातककथेवरची फिल्म निघाली.

मधली चित्रं काढणाऱ्यांची नावं मात्र फारशी कुठे येत नाहीत. डिस्नीकडे १९४१ मध्ये मोठा संप झाला, त्यामागे पगारांतली तफावत आणि श्रेयनामावलीत नाव नसणं ही दुखणी होती. स्टुडिओच्या हिशोबात मधलं चित्र म्हणजे भरणा. कल्पना टोकाच्या चित्रात, मधे नुसती मेहनत. ही समजूत लक्षात ठेवा, कारण संगणक या धंद्यात शिरला तो याच दरवाजाने.

१९६९ च्या सुमारास कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले नेस्टर बर्टनिक एका परिषदेसाठी कॅलिफोर्नियाला गेले. तिथे डिस्नीच्या माणसाचं भाषण झालं: मुख्य चित्रकार टोकाची चित्रं काढतो, मदतनीस मधली. बर्टनिकांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला, की हे मदतनिसाचं काम यंत्राला देता येईल. त्यांनी आणि मार्सेली वेन यांनी तशी प्रणाली बांधली. पहिल्या चित्रातला बिंदू आणि शेवटच्या चित्रातला बिंदू घ्यायचा आणि मधली जागा सरासरीने भरायची. माझ्या कार्डासारखीच.

तिच्यावर पीटर फोल्डेस या हंगेरियन वंशाच्या चित्रकाराने १९७४ मध्ये 'हंगर' केली. एक माणूस खात सुटतो, फुगत जातो आणि शेवटी भुकेलेले लोक त्यालाच खातात. रेघा एका आकारातून दुसऱ्या आकारात ओघळतात. सगळं एकाच चिकट गतीने होतं, कशालाच वजन नाही. दुसऱ्या कुठल्याही कथेत हा दोष ठरला असता. इथे त्या गतीने मळमळतं आणि तेच हवं होतं. फोल्डेसने यंत्राची खोड ओळखून तिला साजेसा विषय निवडला, असं माझं मत. कान महोत्सवात फिल्मला पारितोषिक मिळालं, ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण सगळ्याच फिल्म काही अजीर्णावर काढता येत नाहीत. बर्टनिक आणि वेन यांनाही ते कळत होतं. १९७६ मध्ये त्यांनी हालचालीत जिवंतपणा आणण्यासाठी सांगाड्याची वेगळी पद्धत मांडली. (१९९७ मध्ये या दोघांना ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.)

ही फिल्म कॅनडाच्या ज्या नॅशनल फिल्म बोर्डाने काढली, तिथेच नॉर्मन मॅक्लॅरन नावाचा माणूस कित्येक वर्षं सांगत होता की प्रत्येक चौकटीत काय आहे यापेक्षा दोन चौकटींच्या मधे काय होतं ते महत्त्वाचं. १९५७ मध्ये त्याने आणि क्लोद जुत्राने एक खुर्ची नाचवली होती. माणूस बसायला जातो, खुर्ची बसू देत नाही. तिला तोंड नाही, डोळे नाहीत, पण ती मानी आहे, खट्याळ आहे आणि शेवटी तिचीही एक अट आहे. संगीत रविशंकरांचं, तबला चतुरलालांचा. खुर्चीच्या रुसव्याला तबला इतका चपखल बसतो की ही फिल्म जमलीच तर अवश्य बघा.

म्हणजे सत्तरीच्या दशकात एकाच देशात दोन्ही माणसं होती: मधलं काम यंत्राला द्या म्हणणारा आणि सगळं काही मधेच असतं म्हणणारा.

या दोन टोकांच्या मधलं चित्र काढलं जॉन लॅसेटरने. डिस्नीत शिकलेला, तिथून काढून टाकलेला हा तरुण लुकसफिल्मच्या संगणक विभागात शास्त्रज्ञांमध्ये येऊन बसला. तो विभाग १९८६ मध्ये पिक्सार झाला. हातात त्रिमित आकार काढणारी यंत्रं होती, मानवी चेहरा त्यांना झेपणारा नव्हता, म्हणून त्याने समोर टेबलावर होता तो दिवाच घेतला. एक मोठा दिवा, एक छोटा आणि एक चेंडू. 'लक्सो ज्युनिअर' जेमतेम दोन मिनिटांची आहे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॅलसच्या सिग्राफ परिषदेत ती दाखवली गेली. खेळ संपल्यावर जिम ब्लिन हे ग्राफिक्समधलं मोठं प्रस्थ लॅसेटरकडे आलं. आता हे सावल्यांचं गणित विचारणार म्हणून तो धास्तावला. ब्लिननी विचारलं, मोठा दिवा आई आहे की बाबा?

पुढच्या वर्षी त्याने त्याच परिषदेत एक निबंध वाचला. विषय: हाताने काढलेल्या ॲनिमेशनची तत्त्वं संगणकाला कशी लावायची. दहा पानं. मी नोकरीत वाचलेल्या तांत्रिक निबंधांत समीकरणं नसलेला आणि तरी इतका तांत्रिक दुसरा नाही. उदाहरणार्थ, जुन्या लोकांचं पहिलं तत्त्व म्हणजे चेंडू आपटला की चपटा, सुटला की लांबट, आकारमान मात्र तेवढंच. पण दिवा लोखंडी, तो चपटा कसा होणार? लॅसेटर म्हणतो, वाकवायची गरजच नाही. दिव्याला बिजागरं आहेत, उडीआधी तो स्वतःवर घडी घालतो तेच त्याचं चपटं होणं, आणि हवेत पूर्ण उलगडतो ते लांबणं. बाबा दिवा सावकाश वळतो म्हणून जड, पोरगा झटक्यात वळतो म्हणून हलका. वजन दिसतं ते सगळं वेळेतून.

त्यातच एक सावधगिरीची सूचना आहे, ती वाचून मला माझे सगळे बग आठवले. यंत्र आता सरासरीऐवजी गुळगुळीत वक्राने मधली चित्रं भरायला लागलं होतं. पण वक्राला फक्त गुळगुळीतपणा कळतो. थोड्या चौकटींत मोठा बदल आला की तो टोकाच्या पुढे निसटतो आणि चेंडू जमिनीतून खाली जातो. जमीन आहे हे वक्राला कोण सांगणार? ते माणसाने बसून, एकेक वक्र ताणून सांगायचं. यंत्राने मदतनिसाची नोकरी घेतली खरी, पण कागदाच्या कडेची शिडी काढायचं काम होतं तिथेच राहिलं.

ती शिडी आज तुमच्या खिशात आहे. वेबपानावरची एखादी गोष्ट हलवायला सांगितली आणि कशी ते सांगितलं नाही, तर ब्राउझर चार आकडे वापरतो: ०.२५, ०.१, ०.२५, १. हा एक बेझिए वक्र आहे. रेनोच्या पिएर बेझिएने आणि सित्रोएनच्या द कास्तेल्झोने मोटारींच्या पत्र्यांचे वळसे काढायला शोधलेला. सुरुवात जराशी हळू, मग चपळ, शेवट लांबवर मऊ. माझ्या कार्डाच्या कोडमध्ये मी 'लिनिअर' लिहून ठेवलं होतं. तो शब्द काढला, दुसरं काहीच केलं नाही, आणि डिझायनर म्हणाली, "आता आलं."

एवढं झाल्यावर वाटलं होतं की हा प्रश्न सुटलाय. सुटलेला नाही. अलीकडे लोक जुनी, हाताने काढलेली कार्टून्स कृत्रिम बुद्धिमत्तेत घालून सेकंदाला ६० चित्रं करून यूट्यूबवर टाकतात. मूळ कामात बरेचदा सेकंदाला १२ चित्रं असतात आणि प्रत्येक दोन चौकटी टिकतं. यंत्र दोन चित्रांच्या मधे बरोबर मधलं चित्र घालतं. परिणाम असा की थबकणारा हात थबकत नाही, ठोसा लागत नाही, सगळं पाण्याखाली चालल्यासारखं. पन्नास वर्षांनी पुन्हा तीच समजूत, आणि आता अजीर्णाचा विषयही नाही. उलट २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये, जिथे संगणक हवी तेवढी चित्रं देऊ शकत होता, तिथे जंगलातल्या झोक्यांच्या प्रसंगात मुरलेला पीटर प्रत्येक चौकटीला हलतो आणि नवशिका माइल्स दोन चौकटींत एकदा. प्रेक्षक मोजत नाही, पण पोरगा अजून कच्चा आहे हे त्याला कळतं.

आमच्या धंद्यातही सध्या 'मधलं' काम यंत्राला देणं चाललंय. आर्किटेक्टने टोकं ठरवायची, मधला कोड मॉडेल भरेल. मीही देते, वेळ वाचतो. पण मला जे थोडंफार येतं ते असला मधलाच कोड लिहून लिहून आलं, आणि यंदा आमच्या टीममध्ये एकही फ्रेशर घेतलेला नाही.

१९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ हलणारी छोटी फिल्म ३४ जणांना दाखवून विचारलं, काय दिसलं? भांडण दिसलं, दादागिरी दिसली, पळून जाणारं जोडपं दिसलं. त्रिकोण आणि वर्तुळ हलले एवढंच सांगणारा एकच निघाला. (तो पुढे कुठेतरी एक्स्टर्नल झाला असावा.)

दिवाळीत घरी गेले तेव्हा जुन्या पेनड्राइव्हमध्ये जर्नलचा चेंडू सापडला. चालवला. आई मागून बघत होती, म्हणाली, "काहीतरी वरखाली होतंय." मग पाच पिक्सेलची ओळ काढून मी पायऱ्या हाताने लिहिल्या: वर दाट, खाली विरळ. बघून ती म्हणाली, "हं, आता चेंडू." शेवटी कडेपाशी तीन चौकटी थांबवला, जरासा मागे घेतला आणि मग सोडला.

"ढकललंस का गं त्याला?" आई म्हणाली. "तयार नव्हता तो."